लॅपटॉप लावला की स्पीकरमधून ‘घूंऽऽ’: नाटकाच्या साउंडमधली घरघर शोधायची कशी

सेट लागलाय, लाइटवाला शिडीवर आहे, आणि म्युझिक ऑपरेटरने लॅपटॉपची पिन मिक्सरला लावली रे लावली की अख्ख्या नाट्यगृहात ‘घूंऽऽ’ सुरू. हौशी संस्था असो, कॉलेजची एकांकिका असो, राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र असो की गोव्यातल्या जत्रेतलं नाटक, ही तक्रार ठरलेली. मी बरीच वर्षं संस्थांच्या प्रयोगांचं साउंड बघतोय. सगळ्यात जास्त फोन येतात ते याच दुखण्यासाठी, आणि तेही पहिली घंटा झाल्यावर.

दिलासा एवढाच की बहुतेक वेळा बिघडलेलं काहीच नसतं. लॅपटॉप ठीक, मिक्सर ठीक, स्पीकर ठीक. घोळ असतो तो कुठली वस्तू कुठल्या पॉइंटवर लावली आणि कुठल्या वायरीने जोडली यात. म्हणून नवीन मिक्सर घ्यायच्या आधी खालच्या तपासण्या याच क्रमाने करा. सुरुवातीच्या फुकटात होतात. पुढे थोडा खर्च येतो, आणि शेवटी एक जागा अशी येते जिथे आपण हात मागे घ्यायचा.

आधी कान द्या

घरघरीचे प्रकार आहेत, आणि प्रकार ओळखला की निम्मं काम होतं.

जाड, खर्जातला, न हलणारा ‘घूं’ म्हणजे मेन्सचा, म्हणजे विजेच्या पुरवठ्याचा, हम. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून हा सूर पांढरी पाचच्या जरासा वर लागतो. कधी त्या सप्तकात, कधी वरच्या. पेटीवाला शेजारी असेल तर त्याला विचारा, तो लगेच सांगेल. (अमेरिकेत मंडळांच्या कार्यक्रमांना गेलात तर तिथली वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे हाच हम काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्ये कुठेतरी लागतो. दुखणं तेच, पट्टी वेगळी.)

चिरका, दातेरी ‘भर्रर्र’, आणि तोही लाइट कमी-जास्त झाला की बदलणारा, हा डिमरचा, म्हणजे लाइट मंद-प्रखर करणाऱ्या यंत्राचा.

माउस हलवला, फाइल उघडली की मागे ‘चिर्र-चिर्र’ ऐकू येत असेल तर ते लॅपटॉपच्या आतलं आणि चार्जरचं.

‘टिक-टिक-टर्रर्र’ म्हणजे कुणाचा तरी फोन मिक्सरवर किंवा केबलजवळ पडलाय. टूजीवर चालणारे साधे फोन यात जास्त बदनाम. फोन लांब ठेवा, विषय संपला.

नुसती ‘सूंऽऽ’, पावसासारखी, असेल तर तो हम नव्हे. कुठेतरी आवाज अति कमी घेऊन पुढे अति वाढवलाय.

‘कुईंऽऽ’ म्हणजे फीडबॅक. तो वेगळा विषय, इथे घेत नाही.

आणि एक लक्षण असं की ते दिसलं तर पुढचं काही वाचू नका, थेट ‘इथे थांबा’ या भागावर जा: माइकच्या जाळीला ओठ लागला, मिक्सरच्या पत्र्याला हात लागला आणि झिणझिण किंवा झटका बसला.

पहिली तपासणी: मास्टर खाली घ्या

मिक्सरचा मास्टर फेडर, म्हणजे एकूण आवाजाची मुख्य सरकपट्टी, पूर्ण खाली ओढा. घरघर तशीच राहिली तर दोष मिक्सरच्या पुढे आहे: अँप्लिफायर, स्पीकर किंवा तिकडे जाणारी केबल. घरघर गेली तर दोष मिक्सरमध्ये काहीतरी आणणाऱ्या वायरीत आहे. मग मास्टर परत वर घ्या आणि एकेक चॅनल म्यूट करत जा. ज्या चॅनलला घरघर थांबेल, त्याच चॅनलची वायर धरून मागे मागे जायचं.

हे इतकं सोपं आहे की कुणी करत नाही. सगळे एकाच वेळी सगळ्या वायरी काढून परत लावतात. कधी घरघर जाते, पण का गेली हे कळत नाही, आणि पुढच्या प्रयोगाला ती हजर असते. एका वेळी एकच गोष्ट बदला. वायर काढण्या-लावण्याआधी मात्र ते चॅनल म्यूट करा, नाहीतर ‘ठाप’ असा आवाज होतो आणि त्यात स्पीकरचा हॉर्न जाऊ शकतो.

दुसरी: चार्जर काढा

घरघर लॅपटॉपच्या चॅनलवर असेल तर चार्जरची पिन लॅपटॉपमधून काढा. मिक्सरची वायर तशीच राहू द्या. घरघर त्याच क्षणी बंद झाली, तर निदान झालं. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी सगळ्यात जास्त इथेच संपतात.

असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढच्या तीन-चार तपासण्या याच एका कारणाभोवती फिरतात. समजा लॅपटॉप विंगेत आहे आणि त्याचा तीन पिनांचा चार्जर विंगेतल्या पॉइंटवर लावलाय. मिक्सर प्रेक्षागृहाच्या मागच्या केबिनमध्ये, तिथल्या पॉइंटवर. दोन्ही पॉइंटना अर्थिंग आहे. पण त्या दोन अर्थच्या तारा मेन बोर्डापर्यंत वेगवेगळ्या वाटेने जातात, आणि वाटेत लागलेली प्रत्येक वस्तू त्यांत थोडा थोडा करंट सोडत असते. त्यामुळे विंगेतला अर्थ आणि केबिनमधला अर्थ यांत किंचित व्होल्टेजचा फरक राहतो. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण तुम्ही ऑडिओ केबल जोडलीत की तिच्या बाहेरच्या जाळीमुळे हे दोन अर्थ एकमेकांना जोडले जातात. एक मोठं वेटोळं पूर्ण होतं आणि जाळीतून मेन्सचा करंट वाहू लागतो. लॅपटॉपच्या हेडफोनच्या वायरीत हीच जाळी सिग्नलची परतीची तारही असते. मिक्सरला बिचाऱ्याला गाणं कुठलं आणि करंट कुठला हे वेगळं करता येत नाही, तो दोन्ही मोठं करून देतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

दोन पिनांचा चार्जर असला तर लूप होत नाही, पण आतल्या फिल्टरमधून थोडा करंट लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर येतो आणि तो ऑडिओच्या जाळीतून वाट काढतो. धातूच्या लॅपटॉपवर मनगट टेकलं की कधी कधी मुंग्या आल्यासारखं होतं ते यामुळेच. मात्र तीन पिनांच्या चार्जरवर असं होत असेल तर त्या पॉइंटला अर्थ नसण्याची दाट शक्यता आहे, आणि ती गोष्ट पुढे तपासायची आहे.

तात्पुरता उपाय उघड आहे: अंक बॅटरीवर चालवा, मध्यंतरात चार्ज करा. दोन अंकी नाटकाला हे सहज जमतं, बॅटरी म्हातारी नसेल तर. मात्र बॅटरीवर गेल्यावर लॅपटॉप स्क्रीन बंद करतो, झोपी जातो, तेव्हा पॉवर सेव्हिंग, स्क्रीन सेव्हर, अपडेट आणि सगळी नोटिफिकेशनं आधी बंद करा. तेराव्याच्या प्रसंगात मेसेजचा ‘टिडिंग’ वाजण्यापेक्षा हम परवडला.

हमवर तोडगा म्हणून ब्लूटूथ लावायचा सल्ला कुणीतरी देतंच. वायर नाही म्हणून हम जातो हे खरं. पण ब्लूटूथला आवाज उशिरा पोचतो. थोबाडीत बसल्यावर थोडा वेळ जाऊन ‘फाट्’ ऐकू आलं की प्रेक्षक हसतात. शिवाय प्रेक्षागृह भरलं, खिशाखिशात फोन आले की कनेक्शन तुटू शकतं. तालमीला ठीक. प्रयोगाला नको.

तिसरी: लॅपटॉपला आणखी काय काय जोडलंय?

चार्जर काढूनही हम राहिला तर लॅपटॉपची दुसरी बाजू बघा. प्रोजेक्टर लावलाय का? एचडीएमआय किंवा व्हीजीए केबललाही जाळी असते, आणि प्रोजेक्टरला वीज येते प्रेक्षागृहातल्या किंवा छताजवळच्या पॉइंटवरून. म्हणजे चार्जर नसतानाही लॅपटॉपला प्रोजेक्टरमार्फत अर्थ मिळाला आणि लूप परत पूर्ण. प्रोजेक्टरची केबल काढून बघा. हम गेला तर कारण सापडलं. उपाय पुढे डीआय बॉक्सच्या भागात आहे. नाहीतर प्रोजेक्शन आणि संगीत दोन वेगळ्या लॅपटॉपवर ठेवा. हे मला जास्त पटतं, कारण एक अडकला तरी दुसरा चालू राहतो.

याहून फसवा पाहुणा म्हणजे व्हिडिओ शूटिंगवाला. तालमीला सगळं स्वच्छ असतं. तिसऱ्या घंटेच्या सुमारास शूटिंगवाला येतो, “दादा, जरा लाइनआउट द्या ना,” म्हणतो, कॅमेऱ्याची वायर मिक्सरला लावतो आणि कॅमेऱ्याचा अडॅप्टर मागच्या रांगेतल्या कुठल्यातरी पॉइंटला. झालं. एका प्रयोगाला आम्ही अंधारात केबिनमध्ये लॅपटॉपच्या वायरी उलटसुलट करत होतो, आणि हम येत होता तीन मीटर मागे ठेवलेल्या कॅमेऱ्यातून. तेव्हापासून माझा नियम आहे: शूटिंगवाल्याने बॅटरीवर चालवायचं किंवा लाइनआउट आयसोलेटरमधूनच (तारांचं नातं तोडून फक्त आवाज पुढे देणाऱ्या डबीतूनच) घ्यायचं, आणि जोडणी प्रेक्षक आत यायच्या आधी करायची. लाइव्ह स्ट्रीमिंगच्या लॅपटॉपलाही हेच लागू.

संगीत नाटक किंवा मैफल असेल तर इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा आणि कीबोर्डचा अडॅप्टरही काढून बघा. मूळ अडॅप्टर हरवला म्हणून बाजारातून आणलेला स्वस्तातला अडॅप्टर पुष्कळदा स्वतःच घूं करतो. तिथे लूपचा संबंध नसतो, अडॅप्टर बदलायचा.

चौथी: आवाज कुठे वाढवलाय?

लॅपटॉपचा आवाज तीस टक्क्यांवर आणि मिक्सरचा गेन (चॅनलवर येणारा आवाज वाढवणारं बटण) शेवटपर्यंत फिरवलेला, हे दृश्य नेहमीचं. असं केलं की वाटेत शिरलेला हमही गाण्याबरोबर तेवढाच मोठा होतो. उलट करा: लॅपटॉप आणि प्लेअर दोन्हींचा आवाज ऐंशी-नव्वद टक्क्यांवर आणि मिक्सरचा गेन कमी. हम मुळातून जात नाही, पण गाण्याच्या मानाने इतका दबतो की पाचव्या रांगेत जाणवत नाही. अर्धा तास हाताशी नसेल तर एवढ्यावरही प्रयोग निभावतो.

लॅपटॉप माइकच्या इनपुटला लावला नाही ना, तेही बघा. त्यावर ४८ व्होल्टचा फँटम (केबलमधूनच माइकला दिली जाणारी वीज) चालू असेल तर लॅपटॉपच्या हेडफोन सॉकेटला इजा होऊ शकते. स्टिरिओ लाइन इनपुट असेल तर तिथेच लावा.

पाचवी: डिमरची परीक्षा

‘भर्रर्र’ प्रकारातला आवाज असेल तर लाइटवाल्याला विनंती करा: सगळे चॅनल शून्यावर आण, मग हळूहळू पूर्ण वर ने. शून्यावर शांत, मधे भुणभुण सगळ्यात जास्त, पूर्ण वर गेल्यावर पुन्हा कमी, असं झालं की शंका उरत नाही.

डिमर लाइट मंद करतो तो विजेच्या लाटेचा प्रत्येक वेळी थोडा तुकडा छाटून. निम्म्यावर ठेवला की लाट ऐन शिखरावर असताना तो एकदम चालू करतो, आणि त्या धक्क्याने वायरीभोवती जो गोंधळ उठतो तो जवळच्या ऑडिओ केबलमध्ये शिरतो. म्हणूनच नेमक्या मंद प्रकाशाच्या, हळव्या प्रवेशात भुणभुण जास्त. एलईडी पार लाइट डिमरवर चालत नाहीत, त्यामुळे ते वापरणाऱ्या संस्थांचं हे दुखणं बरंच कमी झालंय. पण हॅलोजनचे जुने स्पॉट अजून सगळीकडे आहेत.

उपाय दोन. पहिला वायरी वेगळ्या करण्याचा: लाइटच्या केबल एका विंगेने, साउंडच्या दुसऱ्या विंगेने. एकत्र बांधून तर कधीच न्यायच्या नाहीत. शेजारून न्यावीच लागली तर मधे किमान फूटभर अंतर ठेवा, आणि एकमेकींना ओलांडायचं असेल तर काटकोनात ओलांडा. सलग समांतर धावणाऱ्या वायरीत जेवढं शिरतं त्याच्या मानाने काटकोनात जवळजवळ काहीच शिरत नाही. स्टेजवर गालिच्याखाली दोन्ही वायरी चिकटपट्टीने एकत्र चिकटवलेल्या मी कितीदा सोडवल्यात.

दुसरा उपाय फेजचा. मोठ्या नाट्यगृहांत थ्री-फेज पुरवठा असतो. साउंड ज्या फेजवर आहे त्यावर डिमर नसावेत. कुठला पॉइंट कुठल्या फेजवर आहे हे नाट्यगृहाच्या वायरमनला माहीत असतं. त्याला विचारा आणि त्याच्याच हातून बदलून घ्या. स्वतः जोडाजोड करू नका. दोन वेगळ्या फेजमध्ये चारशेच्या आसपास व्होल्ट असतात.

सहावी: केबल

संशयित केबल काढून चांगली म्हणून माहीत असलेली दुसरी लावा. तेवढ्याने गेला हम तर जुनी केबल बाजूला ठेवा आणि तिला लगेच गाठ मारा किंवा लाल टेप लावा. नाहीतर ती परत पेटीत जाते आणि पुढच्या प्रयोगाला कुणीतरी तीच काढतं.

माइकच्या केबलची एक खूण: माइक हातात धरला की हम कमी होतो आणि सोडला की वाढतो. बहुतेक वेळा जाळीची तार, म्हणजे एक नंबरची पिन, कनेक्टरमध्ये तुटलेली असते. कनेक्टर उघडलात तर दिसेल की दोन बारीक तारा जागेवर आहेत आणि जाळीचा पीळ डाखापाशी एखाद-दुसऱ्या केसावर लटकतोय. केबल वायर धरून ओढली, हाताच्या कोपराभोवती गुंडाळली की हेच होतं. डाख देता येत असेल तर दहा मिनिटांचं काम आहे.

लॅपटॉपच्या वायरीबद्दल जरा थांबून सांगतो, कारण दुकानात चुकीची वायर हमखास गळ्यात मारतात. हेडफोनच्या सॉकेटमधून डावा आणि उजवा असे दोन आवाज निघतात, दोन्हींची परतीची तार एकच. अशी वायर पाच-सहा मीटरपर्यंत ठीक. विंगेतून केबिनपर्यंत वीस-पंचवीस मीटर हीच पातळ वायर वाढवत नेली की ती वाटेतलं सगळं गोळा करत येते. एक्सएलआर केबलचं, म्हणजे माइकच्या तीन पिनांच्या केबलचं, तसं नाही. तिच्यात तोच सिग्नल दोन तारांतून सुलट आणि उलट जातो, वाटेत शिरलेला हम दोन्हींत सारखाच शिरतो, आणि मिक्सर दोन्हींतला फरक घेतो म्हणून सारखं जे आहे ते गळून पडतं. त्यामुळे पन्नास मीटर गेली तरी ती स्वच्छ राहते.

मग काही हुशार मंडळी एका बाजूला हेडफोनची स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या बाजूला एक्सएलआर अशी वायर आणतात. ती लावू नका. मिक्सर डाव्या आणि उजव्या आवाजाला सुलट-उलट समजून वजाबाकी करतो, आणि दोन्हींत जे सारखं असतं ते उडून जातं. सारखं असतं ते नेमकं गायकाचा आवाज आणि निवेदन. मागचं संगीत वाजतं, शब्द गायब. “ट्रॅक करप्ट झालाय” असं म्हणून लोक रात्रभर फाइल शोधत बसतात.

सातवी: सगळं साउंड एकाच पॉइंटवर

लूपचं मूळ दोन ठिकाणच्या दोन अर्थमध्ये आहे, तर दोन ठिकाणं ठेवूच नका. मिक्सर, लॅपटॉप, कॉलर माइकचे रिसीव्हर हे सगळं एका चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर, एकाच पॉइंटवरून घ्या. लॅपटॉप विंगेत हवाच असेल तर केबिनपासून विंगेपर्यंत विजेची वायरही ऑडिओच्या जोडीने नेता येते, अंतर ठेवून.

“एवढा लोड झेपेल का?” ही भीती रास्त आहे, पण हिशोब करा. ६ अँपिअरच्या पॉइंटवर २३० व्होल्टला सुमारे १,३८० वॉट मिळतात. मिक्सर, लॅपटॉप आणि रिसीव्हर मिळून दोन-तीनशे वॉटही खात नाहीत. पॉवर्ड स्पीकर किंवा अँप्लिफायर त्यातच घ्यायचे असतील तर १६ अँपिअरचा पॉइंट शोधा. इस्त्री, चहाची किटली आणि मेकअपच्या आरशाचे दिवे त्या बोर्डवर येऊ देऊ नका. आणि रीळवाली एक्स्टेंशन असेल तर पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळलेल्या रिळावर लोड टाकला की आत उष्णता कोंडते आणि वायरीचं कव्हर वितळतं.

आठवी: डीआय बॉक्स

इथपर्यंत फुकट होतं. आता खर्च. साधा पॅसिव्ह डीआय बॉक्स दोन-तीन हजारांच्या घरात मिळतो. त्याच्या आत एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो; आवाज त्याच्यातून चुंबकीय रीतीने पलीकडे जातो, पण दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींना जोडलेल्या नसतात. बॉक्सवर ‘ग्राउंड लिफ्ट’ असं बटण असतं, ते दाबलं की जाळीचंही नातं तुटतं. लूप तुटला, हम गेला. चार्जर आणि प्रोजेक्टर दोन्ही लावून ठेवा. शिवाय केबिनपर्यंत लांब एक्सएलआर केबल टाकायची सोयही झाली.

स्टिरिओ हवं असेल तर दोन चॅनलचा घ्या. नाटकाला बहुतेक वेळा मोनो पुरतं, पण मग फाइलच मोनो करून घ्या.

कारसाठी मिळणारे तीन-चारशे रुपयांचे ग्राउंड लूप आयसोलेटरही हेच काम करतात. अडीअडचणीला मी पेटीत ठेवतो. त्यांतला छोटा ट्रान्सफॉर्मर खर्ज मात्र खातो. ढोलाचा ठोका, वीज कडाडण्याचा आवाज पोकळ होतो.

यूएसबी साउंडकार्ड घेतलं की हम जाईल असं नेहमी होत नाही. कार्डच्या आउटपुटला एक्सएलआर किंवा टीआरएस (तसाच दोन तारांतून सिग्नल नेणारी जाड पिन) असेल तर फरक पडतो, हे खरं. पण यूएसबी केबलच्या जाळीतून लॅपटॉपचा अर्थ कार्डपर्यंत येतोच. आठ-दहा हजार घालण्याआधी डीआय बॉक्स लावून बघा.

जे कधीच करायचं नाही

प्रत्येक संस्थेत एक ज्ञानी काका असतात. ते येतात, पक्कड मागतात आणि प्लगची वरची जाड पिन मोडून टाकतात. हम जातोही. म्हणूनच हा उपाय इतका पसरलाय.

ती जाड आणि लांब पिन अर्थची. ती लांब ठेवलेली असते ती प्लग आत जाताना अर्थ सगळ्यात आधी जोडला जावा आणि निघताना सगळ्यात शेवटी सुटावा म्हणून. ती मोडलेल्या अँप्लिफायरमध्ये एखादी फेजची तार सुटून पत्र्याला लागली, तर एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही. सगळा पत्रा २३० व्होल्टवर जातो, तिथून केबलच्या जाळीतून माइकवर. आणि घामाने ओला, तोंडाला माइक लावलेला नट त्या करंटची जमिनीकडे जायची वाट होतो. डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्ट फक्त ऑडिओच्या जाळीचं नातं तोडतं, विजेचा अर्थ तसाच ठेवतं. दोन्हींना लोक एकच समजतात, म्हणून इतकं लिहिलं. तुमच्या पेटीत पिन मोडलेला प्लग किंवा अर्थची तार न जोडलेला एक्स्टेंशन बोर्ड असेल तर आजच बदला, नवीन प्लगला शंभर-दीडशे रुपयेही पडत नाहीत.

नववी, आणि आपल्यापुरती शेवटची: पॉइंटला अर्थ आहे का?

तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर मिळतो, काही शे रुपयांत. पॉइंटमध्ये खुपसला की अर्थ नाही, फेज-न्यूट्रल उलटे आहेत अशा ढोबळ चुका दाखवतो. अर्थ आहे म्हणजे तो चांगलाच आहे हे मात्र तो सांगत नाही. नाट्यगृहात शिरल्याबरोबर, कुठलीही वायर सोडण्याआधी, जे पॉइंट वापरणार ते सगळे याने बघून घ्या. स्क्रू ड्रायव्हरवाल्या टेस्टरने फेज कळते, अर्थ कळत नाही.

मल्टिमीटर वापरायची सवय असलेलं कुणी संस्थेत असेल, तर फेज ते न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज ते अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट, असं दिसायला हवं. फेज ते अर्थ हेलकावे खात असेल किंवा बरंच कमी असेल तर अर्थ तुटलाय. न्यूट्रल ते अर्थ पाच-दहा व्होल्ट किंवा त्याहून जास्त असेल तर वायरिंगमध्ये गडबड आहे. सवय नसेल तर मल्टिमीटर हातात घेऊ नका. चुकीच्या सेटिंगवर प्रोब लावला तर तो हातातच फुटू शकतो.

इथे थांबा

खालीलपैकी काहीही दिसलं तर शोधाशोध बंद, वीज बंद, आणि परवानाधारक वायरमनला बोलवा:

- माइक, मिक्सर, रॅक किंवा सेटमधल्या लोखंडी पाइपला हात लागून झटका किंवा झिणझिण.
- आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) किंवा एमसीबी परत परत पडतोय. तो दाबून धरणं, टेपने अडकवणं, मोठा बसवणं हे उपाय नव्हेत.
- सॉकेट गरम, काळं पडलेलं किंवा जळका वास.
- टेस्टरवर अर्थ नाही, किंवा मीटरचे आकडे वर सांगितल्यासारखे विचित्र.
- लाइट अचानक भगभगीत होतात, मिटमिटतात, त्याच वेळी हमही बदलतो. ही न्यूट्रल सुटल्याची खूण असू शकते आणि तसं असेल तर २३० व्होल्टच्या वस्तूवर त्याहून पुष्कळ जास्त व्होल्टेज येऊन सगळंच जळू शकतं. इथे एक मिनिटही वाट बघू नका.
- मांडवातला प्रयोग जनरेटरवर असेल आणि जनरेटरला जमिनीत अर्थिंगचा रॉडच ठोकलेला नसेल.

डिमर रॅक, मेन बोर्ड आणि अँप्लिफायरचं झाकण यांना तर एरवीही हात लावायचा नाही. अँप्लिफायरमधले कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ भरलेले असतात. मास्टर खाली असताना, आणि मिक्सरची वायर अँपमधून काढून टाकल्यावरही अँपच घूं करत असेल, तर बहुधा तेच कपॅसिटर थकलेत. ते काम दुरुस्तीवाल्याचं.

वायरमनला नुसतं “साउंडला प्रॉब्लेम आहे” म्हणालात तर तो टेस्टर लावतो, “लाइट आहे की” म्हणतो आणि जातो. त्याला कुठल्या पॉइंटवर, काय लावल्यावर, काय होतं ते सांगा: “डाव्या विंगेतल्या खालच्या पॉइंटवर टेस्टर अर्थ दाखवत नाही”, “न्यूट्रल-अर्थ बारा व्होल्ट येतंय.” नाट्यगृहाच्या व्यवस्थापकालाही तेच दोन ओळींत लिहून द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार पडद्याबरोबरच खाली जाते.

वायरमन येईपर्यंत तिसरी घंटा थांबवता येत नसेल, तर झटका देणारी वस्तू आणि तिला जोडलेलं सगळं बाहेर काढा. सेटमधले पाइप झिणझिणत असतील किंवा लाइट भगभगत असतील तर प्रयोग थांबवाच. तसं नसेल तर संगीत बॅटरीवरच्या लॅपटॉपमधून, बॅटरीवर चालणाऱ्या स्पीकरवर घ्या, आणि नटांना सांगा, आज शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायचाय.